लिंबो : साडेतीन तासांत संपणाऱ्या गेमला पूर्ण किंमत मोजावी का?

शून्यप्रहर
मंडळी, 'लिंबो' घेऊ की नको, एवढंच विचारायचं आहे.

कोडी सोडवत, उड्या मारत पुढे सरकायचे प्लॅटफॉर्म गेम मला मनापासून आवडतात. लिंबो कधीचा विशलिस्टमध्ये पडून आहे. ज्याला विचारावं तो त्याला डोक्यावर घेतो आणि पुढच्याच वाक्यात 'एका बैठकीत संपवला' म्हणतो. तिथेच घोडं अडतं. गेमची लांबी सांगणाऱ्या 'हाऊ लाँग टू बीट' साइटवर मुख्य खेळ साडेतीन तासांच्या आसपास दिसतोय. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात पूर्ण किंमत १० डॉलर. सेल लागला की तेवढ्याच पैशांत एखादा अवाढव्य ओपन वर्ल्ड (मोकळ्या जगात हवं तिथे भटकायचा) गेम मिळतो आणि तो महिनाभर पुरतो. शिवाय कोडं एकदा सुटलं की सुटलं. दुसऱ्यांदा खेळायला उरतं काय?

शेवट फोडू नका. आणि 'ज्याची त्याची आवड' हे उत्तर कृपया नको. तुम्ही पूर्ण किंमत मोजली असती का आणि का, ते लिहा.

मुखपृष्ठ
तो अवाढव्य कोळी-किडा. बस्स. पैसे वसूल.

जुना_खेळाडू
हा वाद लिंबोइतकाच जुना आहे. २१ जुलै २०१० ला तो एक्सबॉक्स लाइव्ह आर्केडवर (एक्सबॉक्स ३६० च्या डाउनलोड दुकानात) आला तेव्हा किंमत होती १२०० मायक्रोसॉफ्ट पॉइंट, म्हणजे १५ डॉलर. लगेच दोन तट पडले. एका बाजूला भारावून गेलेले लोक, दुसऱ्या बाजूला तास मोजणारे. त्याच्या दोन वर्षं आधी, ऑगस्ट २००८ मध्ये 'ब्रेड' हा कोड्यांचा गेम आला तेव्हाही हेच झालं होतं. तोवर आर्केडवरचे बरेचसे गेम ८०० पॉइंटांना मिळायचे, म्हणून १२०० हा आकडाच लोकांच्या डोळ्यांत खुपला.

त्यात पॉइंट ठरावीक गठ्ठ्यांत घ्यावे लागायचे आणि डॉलरला ८० असा हिशेब. खरी किंमत पटकन लक्षातच यायची नाही. २०१३ मध्ये ही पद्धत बंद झाली ते बरंच झालं.

पण त्या दुकानाचा एक नियम फार चांगला होता. प्रत्येक आर्केड गेमला फुकट डेमो द्यावाच लागायचा. लिंबोचा डेमो जिथे संपला तिथे मी खुर्चीतून न उठता गेम विकत घेतला. पूर्ण किंमत दिली. आजही देईन.

तर्कटराव
सर्वांबद्दल आदर ठेवून विरोधी मत मांडतो.

१५ डॉलर भागिले साडेतीन तास म्हणजे तासाला सव्वाचार डॉलर. आजच्या १० डॉलरच्या दराने तासाला जवळपास तीन. ज्याच्या हातात गेमसाठी महिन्याला मोजकेच पैसे असतात त्याला हा हिशेब करावाच लागतो, त्याला कुणी अरसिक म्हणू नये. महिन्याला एकच गेम घेता येत असेल तर साडेतीन तासांनंतर उरलेला महिना काय करायचं?

गेम वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी खेळलोय. माझं उत्तर : घ्या, पण सेलमध्ये. लिंबो सेलमध्ये नेहमी येतो आणि किंमत बरीच उतरते. धीर धरायला पैसे पडत नाहीत.

कोडेवेडी
@तर्कटराव, हिशेब तुमचा बरोबर आहे, पण भाजक चुकीचा वाटतो. तास मोजण्याऐवजी त्या तासांत नवं काय काय घडतं ते मोजा.

लिंबोत फक्त चालणं, उडी मारणं आणि पकडणं आहे. उडी आणि पकड यांपलीकडे तिसरं बटण खेळ संपेपर्यंत लागत नाही. नवीन शस्त्र नाही, ताकद वाढत नाही, पॉइंट साठत नाहीत. तरीही दर काही मिनिटांनी वेगळा विचार करावा लागतो, कारण बदलत जातं ते आजूबाजूचं जग. (पुढच्या परिच्छेदात सुरुवातीच्या भागातलं एक कोडं सांगतेय. नको असेल त्यांनी वगळा.)

जंगलात गवतात लपलेले लोखंडी जबड्यांचे सापळे असतात. सुरुवातीला ते तुम्हाला मारतात. मग तुम्ही ते बघून उडी मारायला शिकता. मग लक्षात येतं की हा सापळा पकडून ओढताही येतो. आणि मग समोर तो कोळी येतो, झाडाआडून एक एक पाय टोकदार भाल्यासारखा जमिनीत रुतवणारा. तुमच्याकडे लढायला काही नाही. असतो तो फक्त सापळा. तो ओढत त्याच्या पायाखाली नेऊन ठेवायचा आणि मागे सरून थांबायचं. ज्या वस्तूने तुमचा जीव घेतला तीच तुमचं हत्यार झाली, आणि हे गेमने एका अक्षरानेही सांगितलेलं नाही. तुमचं तुम्ही ओळखलंत.

मोठ्या गेममध्ये एवढी एक कल्पना सापडली की तीच वेगवेगळ्या रंगांत पन्नासदा वापरतात. इथे ती वापरतात, थोडी वाढवतात आणि सोडून देतात. साडेतीन तासांत भरताड नाही. मी पूर्ण किंमत दिली असती, आणि दिलीही.

बटणदाब्या
कोडेवेडींना अनुमोदन. 'भाजक चुकीचा' हे वाक्य उचलतोय, आमच्या ग्रुपवर टाकतो.

मिनू
मला मुळात प्रतिक्रियांची गती जमत नाही, उडी चुकते, दरीत पडते. अशांना हा गेम झेपेल का? कोडी आवडतात, पण कसरती आवडत नाहीत.

कोडेवेडी
@मिनू, झेपेल. मरण फार येतं, पण मेल्यावर काही क्षणांत जवळच परत उभी राहशील. लाइफ संपणं वगैरे प्रकार नाही. निम्मी कोडी डोक्याची आहेत, निम्मी वेळ साधण्याची. शेवटाकडे वेळेची जास्त येतात, तिथे थोडं घासावं लागेल. उडी मात्र प्रत्येक वेळी सारखीच पडते, त्यामुळे ती हाताला सवयीची होते.

साखळदंड
मरणाचा विषय निघालाच आहे तर त्यावरच माझा आक्षेप आहे. यातली बरीच कोडी मेल्याशिवाय कळूच शकत नाहीत. वरून चिरडणारं यंत्र, खाली दाबाची पाटी. पहिल्या सापळ्यात जसं वागून तुम्ही वाचता, नेमकं तसंच पुढच्यात वागलात की चेंदामेंदा. आधी ओळखायला वाव नाही. कोडं म्हणजे समोरच्या माहितीवरून विचार करून सोडवायची गोष्ट. इथे माहितीच लपवून ठेवतात आणि मारून शिकवतात. हे मला फसवणुकीसारखं वाटतं. आणि साडेतीन तासांतले किती तरी तास याच पुनरावृत्तीत जातात, म्हणजे 'भरताड नाही' हे पूर्ण खरं नाही.

जुना_खेळाडू
@साखळदंड, मुद्दा दमदार आहे. पण ती पद्धत त्यांनी जाणूनबुजून निवडली. गेम बनवणाऱ्या प्लेडेड कंपनीचे लोक स्वतःच तिला 'ट्रायल अँड डेथ' म्हणायचे. तो दुसरा सापळा म्हणजे खेळाडूशी केलेली चेष्टा आहे : शिकलास ना? आता पाठांतर चालणार नाही. मला तिथे राग आला आणि लगेच हसूही आलं. मेल्यावर पाच मिनिटं मागे टाकलं असतं तर मी तुमच्या बाजूने उभा राहिलो असतो. इथे चार पावलं मागे जावं लागतं.

साखळदंड
चार पावलं मागे जाऊन पुन्हा चिरडून घ्यायचं. मला नाही हसू आलं. पण असो, तुमचं म्हणणं कळलं.

ध्वनिवेल्हाळ
किमतीच्या चर्चेत आवाजाबद्दल कुणी बोललंच नाही. लिंबोचं ध्वनिकाम मार्टिन स्टिग अँडरसन यांचं आहे. गुणगुणता येईल अशी चाल जवळजवळ कुठेच नाही. वारा, लाकडाची करकर, लांबून येणारी यंत्राची घरघर, आणि ती घरघर हळूहळू संगीत होते की संगीत घरघर होतं ते कळत नाही. पावलांचा आवाज ओल्या मातीत वेगळा, पत्र्यावर वेगळा. कोळी दिसायच्या आधी ऐकू येतो.

हेडफोन नसतील तर हा गेम घेऊ नका, इतकं ठामपणे सांगेन. मोबाइलच्या स्पीकरवर खेळलात तर अर्धे पैसे खरंच वाया गेले.

मुखपृष्ठ
आणि चित्र! पूर्ण काळं-पांढरं, मागे धुकं, कडांना सिनेमाच्या जुन्या रिळासारखी थरथर. आपण ज्याला चालवतो त्या मुलाच्या चेहऱ्यात फक्त दोन पांढरे डोळे. मेला की डोळे विझतात. मी कितीतरी वेळा गेम थांबवून नुसता बघत बसलोय.

तर्कटराव
सुंदर आहे, मान्य. पण सुंदर असणं आणि किमतीला परवडणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. धागाकर्त्याने दुसरा विचारलाय.

पाऊलखुणा
मग सिनेमाचं तिकीट घ्या ना उदाहरणाला. दोन-अडीच तासांचे पैसे देतो आपण. सिनेमा पाच तासांचा हवा होता म्हणून कुणी तिकीट परत मागत नाही.

तर्कटराव
@पाऊलखुणा, ही तुलना प्रत्येक धाग्यात येते आणि प्रत्येक वेळी अर्धवट राहते. सिनेमाचं तिकीट मोठ्या-छोट्या सगळ्या सिनेमांना साधारण सारखंच असतं. तिथे पर्याय तासाच्या हिशेबाने वेगळे नसतातच. गेममध्ये असतात. त्याच पैशांत दहापट लांब गेम शेजारीच ठेवलेला दिसतो, म्हणून मनात तुलना होते. ती करणारा माणूस चुकत नाहीये.

पाऊलखुणा
शेजारी ठेवलेला दिसतो, पण पूर्ण किती जण करतात? स्टीमवर मोठ्या गेमच्या अचीव्हमेंट (टप्पे गाठल्यावर मिळणारी पदकं) उघडून बघा. शेवटच्या प्रसंगाची अचीव्हमेंट मिळवलेल्यांची टक्केवारी सुरुवातीच्या मानाने किती घसरलेली असते ते दिसेल. शंभर तासांचा गेम वीस तासांवर सोडला तर ऐंशी तासांचे पैसे कुणी परत देत नाही. छोटा गेम पूर्ण होतो. शेवट हातात येतो. त्याला काहीच किंमत नाही का?

बटणदाब्या
हे पटलं. माझ्या लायब्ररीत अर्धवट पडलेल्या राजांची अख्खी वंशावळ आहे, सगळे गादीवर बसायची वाट बघतायत.

कोडेवेडी
हा हा हा! राजांची वंशावळ भारी.

रच्याकने (जाता जाता), लांबीचं उत्तम उदाहरण म्हणजे 'पोर्टल' हा कोड्यांचा गेम. ऑक्टोबर २००७ मध्ये 'द ऑरेंज बॉक्स' या गेमच्या संचात बाकी मोठ्या गेमसोबत आला. १९ टेस्ट चेंबर म्हणजे कोड्यांच्या खोल्या, त्यानंतरचा भाग धरूनही तीन-चार तास. पेटीतला सर्वात छोटा गेम तो आणि लोकांनी सर्वात जास्त आठवण ठेवली त्याची. तेव्हा लांबीवरून फारसा आरडाओरडा झाला नाही, कारण त्याची वेगळी किंमत दिल्यासारखं कुणाला वाटलंच नाही. म्हणजे तक्रार लांबीची नसते, किमतीची पाटी कशी लावली त्याची असते.

जुना_खेळाडू
आणि उलट उदाहरण 'द विटनेस'. जानेवारी २०१६, 'ब्रेड'वाल्या जोनाथन ब्लो यांचाच. पाचशेच्या वर कोडी, आरामात कित्येक आठवडे पुरणारा, किंमत ४० डॉलर. तेव्हाही लोक ओरडलेच, की इंडी (छोट्या स्वतंत्र निर्मात्याच्या) गेमला ४० डॉलर कसले! छोटा केला तरी तक्रार, मोठा केला तरी तक्रार.

शून्यप्रहर
सर्वांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. एक उपप्रश्न. वर 'ब्रेड'चं नाव निघालंय. एकच घ्यायचा असेल तर लिंबो की ब्रेड?

साखळदंड
ब्रेड. विचारायची गरजच नाही.

माझी जी तक्रार लिंबोबद्दल आहे ती ब्रेडमध्ये औषधालाही नाही. पहिल्यापासून तुमच्याकडे काळ मागे फिरवायची सोय असते, त्यामुळे मरणाला अर्थच नाही. मग प्रत्येक जगात काळाचा एक नवा नियम येतो. एका जगात हिरव्या झळाळीच्या वस्तूंवर काळाचा परिणाम होत नाही : तुम्ही मागे जाता, पण किल्ली तुमच्या हातातच राहते. पुढच्या जगात तुम्ही उजवीकडे चाललात की काळ पुढे, डावीकडे चाललात की काळ मागे, उभे राहिलात की सगळं गोठलेलं. नंतरच्या एका जगात काळ मागे फिरवला की तुमची सावली तुम्ही आधी केलेलं सगळं पुन्हा करते, म्हणजे तुम्हीच तुमचे जोडीदार.

एकूण ६० तुकडे गोळा करायचे आणि जवळपास प्रत्येक तुकडा हे वेगळं कोडं. सगळी माहिती पडद्यावर समोर असते. अडलात तर दार बंद होत नाही, तुकडा सोडून पुढे चालत जाता येतं आणि नंतर परत येता येतं. एका तुकड्यापुढे मी हात टेकून गेम बंद केला आणि दुसऱ्या दिवशी दात घासताना उत्तर सुचलं. ते सुख लिंबोने मला दिलं नाही.

कोडेवेडी
कोड्यांच्या बाबतीत साखळदंड यांच्याशी शंभर टक्के सहमत. निव्वळ कोडी म्हणून ब्रेड वरचढ आहे. पण लिंबोत कोडं आणि जागा वेगळी करता येत नाहीत. डोक्यात चमकणारी अळी शिरते तो भाग आठवतोय? पाय आपोआप एकाच दिशेने चालायला लागतात, दिशा तुमच्या हातात नाही, फार तर वेग कमी करता येतो. उजेडाचा झोत लागला की दिशा उलटते. कोड्याचा नियम म्हणून हे छानच आहे, पण आपलं शरीर आपलं ऐकत नाही ही भीती त्या नियमातूनच येते. कथेतला संवाद लागत नाही.

मुखपृष्ठ
ती अळी!! नको आठवण.

मिनू
ब्रेडमध्ये अडलं तर वॉकथ्रू (पायरी-पायरीने उत्तरं) बघितला तर चालेल का?

जुना_खेळाडू
@मिनू, याची गंमत सांगतो. ब्लो यांनी स्वतःच्या साइटवर ब्रेडचा अधिकृत वॉकथ्रू म्हणून एक पान टाकलं होतं. उघडलं की सुरुवातीला साधी पावलं आणि लगेच सांगणं, की वॉकथ्रू वापरू नका, स्वतः सोडवा, सगळं सुटण्यासारखं आहे.

यात किमतीचाही मुद्दा आहे. कोड्यांच्या छोट्या गेममध्ये उत्तर बघितलं की तुम्ही विकत घेतलेली गोष्टच फेकून दिली. ब्रेड तीन तासांत संपला म्हणणाऱ्यांना मी आधी विचारतो, किती उत्तरं बघितलीत?

पाऊलखुणा
तासच हवे असतील तर ब्रेडमधले लपलेले तारे शोधा. त्यातल्या एकासाठी एक ढग इतका सावकाश सरकतो की तासन् तास नुसतं थांबावं लागतं. तर्कटराव, तुमचा तासाचा भाव एकदम खाली येईल!

तर्कटराव
हा हा, ढगाकडे बघत बसायचं असेल तर खिडकी फुकट आहे.

बटणदाब्या
एक व्यवहारी सल्ला. स्टीमवर घेतलात तर खेळाचा वेळ दोन तासांच्या आत आणि खरेदी १४ दिवसांच्या आत असेल तर पैसे परत मिळतात. म्हणजे लिंबो अर्ध्याहून जास्त खेळून बघता येईल. नाही आवडला तर परत. आणि हात चालाख असेल तर छोटा गेम पूर्ण करूनसुद्धा परत करता येतो.

कोडेवेडी
पहिला अर्धा सल्ला ठीक. दुसरा कृपया कुणी मनावर घेऊ नका. जून २०१५ पासून ही सोय आहे आणि ग्राहक म्हणून मला ती हवीच आहे. पण दोन तासांची रेघ सगळ्या गेमना सारखीच लागते. ६० तासांच्या गेममध्ये दोन तास म्हणजे प्रस्तावना. दीड तासाच्या गेममध्ये ती रेघ शेवटानंतर येते. २०२१ मध्ये 'समर ऑफ ५८' हा छोटा भयपट गेम बनवणाऱ्या निर्मात्याने हेच जाहीरपणे मांडलं होतं : लोक पूर्ण खेळतात, चांगला अभिप्रायही लिहितात आणि पैसे परत घेतात. कंटाळून त्याने गेम बनवणं अनिश्चित काळासाठी थांबवत असल्याचं सांगितलं.

पूर्ण खेळून, आवडूनही पैसे परत घेणं मला सरळ गैर वाटतं. आणि याचा परिणाम काय होतो तर पुढचा निर्माता मुद्दाम रेंगाळणारे रस्ते, परत परत तेच शत्रू घालून गेम दोन तासांच्या पुढे ढकलतो. मग आपणच म्हणतो गेम फुगवलेला आहे.

बटणदाब्या
दुसरा भाग मागे घेत नाही, शक्यता म्हणून लिहिलं होतं, करा असं म्हटलं नव्हतं. पण निर्मात्याची बाजू वाचून वाईट वाटलं खरं.

तर्कटराव
इथे मी कोडेवेडींच्या बाजूने. महाग वाटतं तर घेऊ नका, सेलची वाट बघा. घेऊन, संपवून परत करणं हा व्यवहार नव्हे.

निळी_पाटी
वाचनमात्र होते, आता राहवलं नाही. लिंबोत भाषाच नाही हा त्याचा मोठा गुण कुणी लिहिला नाही. कथा सांगणारा मजकूर नाही, संवाद नाही, कोणतं बटण दाबा हेही सांगत नाहीत. मुलगा जंगलात डोळे उघडतो आणि आपण काहीतरी दाबून बघेपर्यंत तो तसाच पडून राहतो. ज्यांना इंग्रजीचा ओघ असलेले गेम जड जातात त्यांनाही हा पहिल्या क्षणापासून खेळता येतो. फक्त चिमुकल्यांना देऊ नका. मुलगा ज्या प्रकारांनी मरतो ते बघवत नाही.

पाऊलखुणा
@निळी_पाटी, 'हॉटेल' अशी मोठी पाटी आहे की! तिच्या अक्षरांवरून उड्या मारायच्यात आणि विजेचा झटकाही खायचाय.

निळी_पाटी
बरोबर! गेममधलं एकमेव वाचनीय साहित्य, आणि तेही अंगावर येतं.

जुना_खेळाडू
अवांतर, पण डाउनलोड गेमच्या किमतीशी जोडलेलं. २९ जुलै २०२४ ला एक्सबॉक्स ३६० चं दुकान बंद झालं. जिथे लिंबो जन्मला ते दुकान. आधी घेतलेले गेम परत डाउनलोड करता येतात आणि लिंबो तर आता सगळीकडे आहे, पण त्या काळातले कित्येक छोटे गेम फक्त तिथेच होते. डबा, डिस्क काही नाही. म्हणून पर्याय असेल तर मी जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातली प्रत घेतो. फाइल आपल्याकडे राहते, दुकानाचं वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. लिंबो तिथेही आहे.

मिनू
हे ऐकून धस्स झालं. वाखूसा (वाचनखूण साठवली).

शून्यप्रहर
तर मंडळी, घेतला. पूर्ण किमतीत, सेलची वाट न बघता. जुना_खेळाडू यांचं ऐकून जीओजीवरून, ध्वनिवेल्हाळ यांचं ऐकून हेडफोन लावून.

पहिला अर्धा भाग अफाट आहे. कोळ्याच्या प्रसंगात मी खरोखर श्वास रोखून बसलो होतो. सापळा ओढायचा हे सुचलं तेव्हाचा आनंद काय वर्णावा! कोडेवेडींचा तो परिच्छेद मी वगळला होता ते फार बरं झालं.

दुसऱ्या अर्ध्याबद्दल मात्र मन थोडं खट्टू आहे. जंगल संपून कारखाना सुरू झाला की करवती, चुंबकं, गुरुत्वाकर्षण उलटं-सुलटं करणारी बटणं. कोडी अवघड होत जातात, पण जंगलात जे कुणीतरी पाठलाग करत असल्यासारखं वाटायचं ते विरतं. माणसं आणि प्राणी जवळजवळ दिसेनासे होतात, उरतात फक्त यंत्रं. मला वाटतं गेम उलट थोडा लांबलाय! एवढी ओरड आखूड असल्याची आणि मला शेवटचे काही सापळे कमी चालले असते. शेवट मात्र जबरदस्त. त्यावर वेगळा धागा हवा.

पूर्ण किंमत द्यावी का? माझ्यापुरतं हो. गेम बंद केल्यावरही डोक्यात चालू आहे.

साखळदंड
दुसऱ्या अर्ध्याचं निरीक्षण अचूक. कोडी म्हणून तोच भाग जास्त चांगला आहे आणि वातावरण म्हणून कमी. दोन्ही एकत्र त्यांना पुढच्या गेममध्ये साधलं.

मुखपृष्ठ
'इनसाइड'! २०१६. तोही तीन-चार तासांचा आणि २० डॉलर. सहा वर्षं घेतली त्यांनी. एकही दृश्य वाया नाही.

तर्कटराव
आणि तो मी पूर्ण किमतीत घेतला होता. होय, मीच. लिंबो सेलमध्ये घेतला होता, तो आवडला म्हणून पुढच्या वेळी थांबलो नाही. निर्माता एकदा भरवशाचा निघाला की माझा तासांचा हिशेब मागे पडतो. अनोळखी नावासाठी मात्र तो हिशेब कायम.

@शून्यप्रहर, अभिनंदन. आता अंडी शोधा, जागोजागी लपवलीत. त्यानंतर 'नो पॉइंट इन डाइंग' नावाची अचीव्हमेंट बघा : एका बैठकीत पूर्ण गेम, जास्तीत जास्त पाच मरणं. दुसऱ्यांदा खेळायला काय उरतं विचारलं होतंत ना? सगळी कोडी पाठ असताना हात किती स्थिर राहतो ते उरतं.

शून्यप्रहर
पाच?! मी एका करवतीपाशीच त्याहून जास्त वेळा गेलोय. पण करून बघणार.

मिनू
मीपण घेतला. कोळ्यापाशी अडकलेय. सापळा नेला, पाय सापडला, पण तो अजून आहेच! सांगू नका काय करायचं ते. फक्त एवढं सांगा, मी योग्य रस्त्यावर आहे ना?

कोडेवेडी
@मिनू, अगदी योग्य. पाय मोजत राहा.

बटणदाब्या
ब्रेडची अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन कुणी घेतली आहे का? २०२४ च्या मे महिन्यात आली, नवी चित्रं आणि निर्मात्यांचं १५ तासांहून जास्त भाष्य आहे म्हणे. मूळ गेम झालाय माझा. फक्त भाष्यासाठी घेण्यात अर्थ आहे का?

साखळदंड
@बटणदाब्या, घेतली आहे. भाष्य कानाला लावून नुसतं ऐकायचं नाहीये, ते गेमच्या आतच फिरून ऐकायचं असतं आणि बोलणारे पडद्यावर त्या त्या जागेकडे बोट दाखवतात. एखादं कोडं तसंच का ठेवलं, सुरुवातीला ते कसं होतं, हे सगळं उलगडतं. कोडी कशी रचतात याची आवड असेल तर जरूर घ्या. ती नसेल तर जुनी प्रत पुरेशी आहे, कारण मूळ कोड्यांना फारसा हात लावलेला नाही.